बेपत्ता विभागातले एक पान

वेबसाइट वाचणाऱ्याला पान आपोआप आल्यासारखे दिसते. आमच्या दैनिकात ते कोणाला तरी नेऊन ठेवावे लागे. पान आपल्या संगणकावर तयार करायचे आणि दूर कुठेतरी असलेल्या, आपण कधी न पाहिलेल्या एका संगणकावर चढवायचे. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. तो कधी बंद होत नाही आणि त्याच्यावर जे ठेवले ते जगाला दिसते. छत्रपती संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, एका स्थानिक दैनिकात फाइली चढवण्याचे हे काम निवृत्त होईपर्यंत माझ्याकडे होते.

कामाचे साधन म्हणजे एक छोटे सॉफ्टवेअर. ते उघडले की पडद्याचे दोन भाग होतात. डावीकडे आपल्या संगणकावरच्या फाइली, उजवीकडे सर्व्हरवरच्या. डावीकडची फाइल उचलायची, उजवीकडे सोडायची. त्याच नावाची फाइल तिथे असेल तर सॉफ्टवेअर विचारते, जुनी पुसून नवी ठेवू का? हो म्हटले की जुनी गेली. छापील अंकात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतात आणि चूक व दुरुस्ती दोन्ही ग्रंथालयातल्या बांधीव अंकांत राहतात. इथे मागे काही उरत नाही. म्हणून नवी फाइल चढवण्याआधी जुनीची प्रत उतरवून घ्यायची, असा आमच्या विभागाचा नियम होता.

चुका वेगळ्याच ठिकाणी होत. एकदा सर्व्हरचे घड्याळ बिघडून पुढच्या महिन्यावर गेले. सॉफ्टवेअरला सूचना होती की तारखेने नवी असेल तीच फाइल चढवायची. सर्व्हरवरच्या फाइलीवर पुढच्या महिन्याची तारीख पडल्याने त्याने नव्या आठवड्याचे राशिभविष्य जुने समजून बाजूला ठेवले आणि वाचकांना मागच्याच आठवड्याचे भविष्य दिसत राहिले. फोन एकच आला, अजिंठ्याहून.

“मॅडम, हे तर मागच्या हप्त्याचं भविष्य आहे.”

चूक झाली, लगेच बदलते, असे सांगितले.

“राहू द्या, राहू द्या,” ते गृहस्थ म्हणाले. “मागच्या हप्त्यात जे व्हायचं राहिलं, ते ह्या हप्त्यात होऊन जाईल.”

वेबसाइटवर बेपत्ता व्यक्तींचा एक विभाग होता. छापील अंकात अशी जाहिरात एकदाच येई. वेबसाइटवर जागेचे मोल नसल्याने तीच जाहिरात स्वतंत्र पान करून तिथे ठेवली जाई. नाव, वय, फोटो, अंगावरचे कपडे, चार ओळींचा मजकूर आणि फोन नंबर. माणूस सापडला की कुटुंबाने कळवावे अशी अपेक्षा होती. बहुतेक जण कळवत नसत. चितेगावचे एक आजोबा घरी परतून बरेच दिवस झाले तरी त्यांचे पान तसेच होते. शेवटी ते स्वतःच कार्यालयात आले.

“मला काढा त्यातनं,” ते म्हणाले. “बाजाराला निघालो की कोणी ना कोणी धरतंय आणि घरी आणून टाकतंय. चार दिवस झाले, घरात मीठ नाय.”

सत्तारभाई आले ते याच विभागासाठी. शहागंजात त्यांचे गाद्या आणि रजया भरण्याचे दुकान होते. जुनी गादी उसवायची, दबून घट्ट झालेला कापूस यंत्रात पिंजून मोकळा करायचा आणि पुन्हा भरायचा, हा पिढ्यांचा धंदा. त्यांचा एकुलता मुलगा इम्रान एकोणीस वर्षांचा होता. दुकानात बसायचे की नाही यावरून बापलेकांचे भांडण झाले आणि दुपारी तो घरातून निघून गेला. पोलिसांत तक्रार देऊन, नातेवाइकांकडे शोधून झाल्यावर सत्तारभाई मुलाचा फोटो घेऊन आमच्या जाहिरात खिडकीवर उभे राहिले.

खिडकीवर जोशीकाका असत. बेपत्ताच्या जाहिराती लिहिण्यात त्यांची हयात गेली होती. माणसे फोटो आणि नाव घेऊन येत, मजकूर काका घालत. मजकूर ठरलेला होता. ‘तुझी आई फार आजारी आहे. तुला कोणी काही बोलणार नाही. असशील तिथून निघून ये.’ सत्तारभाईंसाठी त्यांनी ‘आई’च्या जागी ‘अम्मी’ केले आणि कागद खिडकीतून पुढे सरकवला. सत्तारभाईंनी वाचून पहिल्या ओळीवर बोट ठेवले.

“काका, हे काढा. इसकी अम्मी बीमार नाय. आत्ता घरून निघालो तर माझ्यावर कपबशी फेकत होती.”

“असू द्या हो. बेपत्ताच्या जाहिरातीत आई आजारीच असते.”

“झूठ कशाला लिहायचं?”

“बाप बोलावतोय असं वाचून किती पोरं परत आली, सांगा मला. आई आजारी म्हटलं की पोरगं थांबून वाचतं. या खिडकीवरून मी एकाही आईला धडधाकट जाऊ दिलेलं नाही.”

सत्तारभाईंनी थोडा वेळ कागद हातात धरला आणि मग तसाच परत दिला. पान चढवले गेले. दुसऱ्या दिवशी ते पत्नी रजियाबी यांना घेऊन ते पाहायला आले. रजियाबी उर्दू वाचत, मराठी बोलत पण वाचत नसत. नवऱ्याने ओळी वाचून दाखवल्यावर त्यांनी जोशीकाकांकडे पाहिले.

“मेरेकू बीमार कर दिया तुम्ही?”

“तुमच्या लेकासाठीच केलं, वहिनी.”

“हौ? मग तो आला की तुमच्याच दारात येऊन पडते मी. करा मग माझी दवा.”

खोलीतले सगळे हसले. रजियाबीही हसल्या. मग त्या पडद्यावरच्या फोटोकडे पाहत बराच वेळ उभ्या राहिल्या.

मुलगा आला नाही. फोन आले. कोणी नांदेडच्या स्टेशनवर पाहिल्याचे सांगे, कोणी सुरतेच्या कारखान्यात. सत्तारभाई प्रत्येक ठिकाणी जाऊन आले. दर वर्षी एकदा ते आमच्या खोलीत येत आणि वय बदलायला सांगत. पहिल्या वेळी जोशीकाकांनी हरकत घेतली. जाहिरातीत निघून गेला तेव्हाचेच वय असते, असा शिरस्ता होता.

“काका, तो तिथं मोठा होत असेल ना,” सत्तारभाई म्हणाले. “फोटो मी बदलू शकत नाय. वय तर बदला.”

वय बदलले जाऊ लागले. काम क्षणाचे होते. फाइल उतरवायची, एक आकडा बदलायचा, फाइल चढवायची. सत्तारभाई तेवढ्यासाठी दुकान बंद करून येत, चढवलेले पान पाहत आणि जात. ते कोणी उघडते का, असे त्यांनी एकदा विचारले. सर्व्हर प्रत्येक भेटीची नोंद ठेवतो हे खरे, पण त्यातल्या बहुतेक भेटी पाने आपोआप चाळणाऱ्या शोधयंत्रांच्या असतात. माणूस कोण आणि यंत्र कोण हे खात्रीने सांगता येत नाही, एवढेच उत्तर देता आले.

पुढे जोशीकाका निवृत्त झाले. वेबसाइटची रचनाही बदलली. आता बातमीदार मोबाइलवरून बातमी भरतो आणि ती आपली आपण पानावर जाते. फाइली उचलून ठेवणारे कोणी लागत नाही. जुने फोल्डर पुसण्याचे ठरले. संपादकांना सत्तारभाईंबद्दल सांगितल्यावर त्यांनी ते एक फोल्डर ठेवायला परवानगी दिली. मी निवृत्त झाल्यावरही त्याचा पासवर्ड माझ्याकडेच राहिला. दोन भागांच्या त्या सॉफ्टवेअरला वर्षातून एकदा एक आकडा बदलण्यापलीकडे काम उरले नाही.

रजियाबी आजारी पडल्या त्या त्यानंतर. मूत्रपिंडाचा आजार होता आणि उशिरा कळला. सत्तारभाई दवाखान्यातून थेट माझ्या घरी आले. चहा नको म्हणाले.

“मॅडम, पान उघडा. लिहा, अम्मी बीमार आहे.”

फाइल उतरवून उघडली. तिच्यात ती ओळ होतीच. ‘तुझी अम्मी फार आजारी आहे.’ इतकी वर्षे आम्ही दोघांनी त्याच फाइलमधले वय बदलले होते. त्या ओळीकडे दोघांचेही लक्ष जाणे केव्हाच थांबले होते.

सत्तारभाईंनी ती वाचली. “हे तर आधीच लिहिलेलं आहे,” ते म्हणाले. मग म्हणाले, “‘खरंच’ घाला. खरंच बीमार आहे.”

वृत्तपत्रात ‘खरंच’ हा शब्द शक्यतो टाळतात. तो घातला की आधी छापलेले खोटे होते का, अशी शंका येते. इथे तर आधीचे खोटेच होते. इम्रानने हे पान कधी पाहिले असेल तर ती ओळ त्याने वाचलेली होती, आणि इतकी वर्षे आजारी असलेली आई आजही आजारीच आहे, एवढाच अर्थ त्याला लागला असता. हे सत्तारभाईंना सांगितले.  मग त्यांनीच जोशीकाकांना फोन लावायला सांगितले.

काकांना फोनवर सगळे सांगितले.

“आता काय लिहायचं, काका?”

“वॉर्ड लिहा. खाट लिहा. भेटायची वेळ लिहा. खोटं लिहिणारा एवढं लिहीत नाही. मी कधी लिहिलं नाही.” मग म्हणाले, “आणि घरातलं काहीतरी घाला. बाहेरच्याला कळणार नाही असं. ते वहिनींनाच विचारा.”

सत्तारभाई दवाखान्यात गेले आणि संध्याकाळी परत आले. रजियाबींनी एकच वाक्य सांगितले होते. ‘तुझी गादी अम्मीने नव्याने पिंजून ठेवली आहे.’

त्यामागची गोष्ट सत्तारभाईंनी सांगितली. सगळ्या गावाच्या गाद्या पिंजून देणाऱ्यांच्या घरी स्वतःच्या गाद्या पिंजायला सवड होत नसे. इम्रान त्यावरून बापाला टोमणे मारायचा. “लोगों की गादी रुई की, अपनी फत्तर की.” तो गेल्यावर रजियाबींनी घरातल्या बाकी गाद्या पिंजून घेतल्या, त्याच्या गादीला हात लावू दिला नाही. तिच्यात त्याच्या अंगाचा खळगा होता. दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी ती स्वतः उसवली आणि नवऱ्याला दुकानात न्यायला लावली.

“मी पुसलं, आता का?” सत्तारभाई म्हणाले. “तर म्हणे, इसके बाद कौन याद रखेगा. तू तर फत्तरवरच झोपवशील पोराला.”

जुनी ओळ काढली. नव्या मजकुरात सरकारी दवाखान्याचे नाव, वॉर्ड, खाट क्रमांक, भेटीची वेळ आणि गादीचे वाक्य आले. जुन्या फाइलची प्रत ठेवून नवी चढवली.

त्यानंतर सत्तारभाईंचे फोन येऊ लागले.

“मॅडम, खाट बदलली. खिडकीजवळची दिली.”

खाट बदलली की पान बदलावे लागे. वॉर्ड बदलला, तेव्हाही बदलले. एकदा सत्तारभाईंचा घाबरलेला फोन आला. त्यांच्या मोबाइलवर अजून जुनीच खाट दिसत होती.

“त्या खाटेवर आता दुसरी बाई आहे. तो तिथं जाऊन उभा राहिला तर?”

मोबाइल एकदा पाहिलेले पान जवळ साठवून ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच दाखवतो. पान साठवू नये अशी सूचना फाइलच्या माथ्यावर लिहिता येते. ती लिहिली, आणि त्यांना त्यांच्या मोबाइलवर पान पुन्हा उघडून पाहायला लावले.

“हां. आली खिडकी,” ते म्हणाले.

भेटीच्या वेळेत सत्तारभाई खाटेजवळ बसत नसत. वॉर्डच्या दाराशी उभे राहत. भेटायला गेले असता रजियाबींनी मला ते दाखवले.

“बघा, पहारेकरी. बायको इकडं आणि नजर जिन्यावर.” त्यांचा आवाज बारीक झाला होता. “तुम्ही लिहिलं ना गादीचं? वाचून दाखवा.”

मोबाइलवरून वाचून दाखवले. त्यांनी ते दोनदा ऐकले.

“आता बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “ते पहिलंवालं काकांचं होतं. हे माझं.”

पुढचा फोन खाट बदलल्याचा नव्हता. तो सत्तारभाईंच्या पुतण्याने केला. दफन त्याच दिवशी झाले.

काही दिवसांनी सत्तारभाई माझ्या घरी आले. सोबत जोशीकाका होते. काका मातमपुरशीला, म्हणजे सांत्वनाच्या भेटीला, शहागंजात गेले होते, तिथून दोघे एकाच रिक्षाने आले. काकांना जिना चढायला वेळ लागला. सत्तारभाई त्यांचा हात धरून पायरीपायरीने वर आले.

पानावर अजून वॉर्ड होता, खाट होती, भेटीची वेळ होती. ते तसे ठेवता येणार नव्हते. दवाखान्याचा तपशील काढायचा यावर दुमत नव्हते. त्या जागी काय लिहायचे, हा प्रश्न होता.

“आजारी आहे एवढंच ठेवा,” जोशीकाका म्हणाले. “जुन्यासारखं. पोरगं एकदा घरी येऊ दे. मग सांगता येतं जवळ बसवून.”

सत्तारभाईंनी मान हलवली. “नक्को.”

“सत्तारभाई, मी माझ्या अनुभवाने सांगतो.”

“तवा मी तुमचं ऐकलं, काका. आता नाय ऐकणार. तो आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, अम्मी किधर है. मी काय सांगू? तुला बोलवायला झूठ लिहिलं होतं? तो तिथूनच वळेल. आणि ह्या वेळेला त्याचं बरोबर असेल.”

“आणि खरं वाचून तो आलाच नाही तर?”

 खाली रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी थांबली होती. तो दर सांगत होता, वरच्या मजल्यावरून कोणी टोपली सोडत होते. ते सगळे आटोपून गाडी पुढे गेली. जोशीकाकांनी चष्मा काढून पुसला.

मग सत्तारभाईंनी खुर्ची संगणकाजवळ ओढली.

“लिहा,” ते म्हणाले. “तुझी अम्मी गेली.”

लिहिले.

“तिने शेवटपर्यंत तुझी वाट पाहिली. नाय, हे काढा. ह्याने त्याला वाईट वाटेल.”

काढले.

“गादीचं राहू द्या. ते खरं आहे. त्याच्या खाली लिहा, आता घाई नाही.” ते थांबले. पुढचे वाक्य त्यांना पटकन सुचत नव्हते.  “लिहा, मी दुकानातच असतो. सवड होईल तेव्हा ये.”

मजकूर एवढाच झाला. त्यांनी तो पडद्यावर वाचला, ओठ हलवत, वरून खालपर्यंत. जोशीकाकाही पुढे वाकून वाचत होते. त्यांनी एकाही शब्दाला हरकत घेतली नाही. फक्त खिडकीवरच्या सवयीने विचारले, “खाली नाव कसं द्यायचं? सत्तार, की पूर्ण नाव?”

“नाव कशाला?” सत्तारभाई म्हणाले. “अब्बा लिहा.”